दीडपट भार : प्रस्तावना

जून उजाडतो, निकाल लागतात आणि माझ्या फोनवर अनोळखी नंबर दिसायला लागतात. कुणी नातेवाइकाकडून माझा नंबर मिळवलेला असतो, कुणी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडून. बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतं, "सर, पोराला लहानपणापासून विमानाचं वेड आहे. एरोनॉटिकलला घालू का?" गेली 22 वर्षं मी एरोस्पेसच्या मुलामुलींना स्ट्रक्चर्स हा विषय शिकवतो आहे, तरी या प्रश्नाला फोनवर पुरेल एवढं छोटं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. म्हणून हे पुस्तक.

त्या प्रश्नाच्या पोटात सहसा आणखी तीन प्रश्न असतात. हा कोर्स केला की पायलट होता येतं का? विमानतळावर विमानं दुरुस्त करायची नोकरी लागते का? इस्रोत घेतात का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे आणि तिसऱ्याचं 'तुम्ही समजता तसं नाही' असं. प्रवेशाच्या घाईत हे कुणी सांगत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगतो.

पायलट व्हायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. बारावीनंतर फ्लाइंग स्कूलमध्ये जायचं, वैद्यकीय तपासणी पार करायची, डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या परीक्षा द्यायच्या आणि 200 तास उड्डाण करून व्यावसायिक परवाना मिळवायचा, असा तो रस्ता आहे. विमानांची देखभाल हाही वेगळा पेशा. त्याला एएमई म्हणतात, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत शिकायचं, परीक्षा द्यायच्या, हँगरमध्ये प्रत्यक्ष काम करायचं आणि मग परवाना घ्यायचा. दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे अशी सही हा परवानाधारक करतो. एरोस्पेसचा बी.टेक. झालेला पदवीधर ती सही करू शकत नाही, मग त्याला कितीही गुण असोत.

हा फरक ठाऊक नसल्याने एका मुलाची चार वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. सातारा जिल्ह्यातला मुलगा, घरी ट्रॅक्टरचं इंजिन खोलून पुन्हा बसवणारा. प्रवेशाच्या वेळी एका समुपदेशकाने त्याला सांगितलं होतं की विमानाच्या इंजिनात हात घालायचा तर हीच शाखा घे. तिसऱ्या वर्षी आंशिक विकलक समीकरणांच्या वहीवर मान टाकून तो मला म्हणाला, "सर, इथे इंजिन कधी उघडायचं?" पदवी पूर्ण करून वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने एएमई पहिल्यापासून सुरू केलं. आज तो समाधानी आहे. पण ती चार वर्षं आणि बापाने उचललेलं कर्ज मला विसरता येत नाही.

आता इस्रो. शास्त्रज्ञ-अभियंता पदासाठी इस्रो जी मोठी भरती करते तिच्यात सर्वाधिक जागा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या शाखांच्या असतात. रॉकेटमध्ये टाक्या असतात, झडपा असतात, सर्किट्स असतात, लाखो ओळींचा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे हे साहजिकच आहे. तिरुवनंतपुरमजवळ वलियमला इथे 2007 साली सुरू झालेली आयआयएसटी ही संस्था मात्र खास अवकाश विभागासाठी काढलेली आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर तिथे प्रवेश मिळतो आणि ठरलेली गुणवत्ता राखणाऱ्यांना, जागा असतील त्याप्रमाणे, इस्रोत घेतलं जातं. ज्याला फक्त इस्रोच हवी आहे त्याने तो दरवाजा आधी ठोठावावा.

हे सगळं वगळल्यावर उरतं ते काय? उरतं ते विमान किंवा रॉकेट मुळात घडवण्याचं शास्त्र. त्याची गोडी काय आहे ते मला माझ्याच विषयातून सांगता येईल.

पूल बांधणारा अभियंता लागेल त्यापेक्षा बरंच जास्त पोलाद घालू शकतो. पुलाला उडायचं नसतं. विमानाच्या रचनेत ही उदारता चालत नाही. उड्डाणात येऊ शकेल असा जास्तीत जास्त भार ठरवायचा आणि त्याच्या दीडपट भारापर्यंत ढाचा तुटता कामा नये, एवढीच सवलत नियम देतात. दोनपट किंवा तिप्पट धरलं तर विमान इतकं जड होईल की प्रवासी आणि इंधन न्यायला वाव उरणार नाही. 1995 साली बोईंगने 777 या विमानाचा पंख कारखान्यातच मुद्दाम वर वाकवत नेला. टोक सात मीटरहून जास्त उचललं गेलं आणि 154 टक्के भाराला पंख मोडला. 150 टक्के अपेक्षित होते. मी ही चित्रफीत दरवर्षी वर्गात दाखवतो आणि थांबवून विचारतो, हा पंख 200 टक्क्यांना मोडला असता तर चांगलं झालं असतं का? पहिल्या वर्षाची मुलं 'हो' म्हणतात. तिसऱ्या वर्षाची मुलं विचार करतात आणि मग 'नाही, मग उरलेलं वजन उगाच वाहिलं' असं सांगतात. या दोन उत्तरांमध्ये जे शिकणं झालेलं असतं तीच एरोस्पेसची पदवी, असं माझं मत आहे.

रॉकेटमध्ये हा हिशेब आणखी कठोर होतो. उड्डाणाच्या वेळी पीएसएलव्हीचं वजन सुमारे 320 टन असतं आणि ध्रुवीय कक्षेत ते पोचवतं जवळपास पावणेदोन टन. बाकी सगळं इंधन आणि वाटेत टाकून द्यायची टरफलं. तिथे एक नट हलका केला तरी कुणीतरी त्याची नोंद ठेवतं.

आणि चुकीची किंमत? ब्रिटनचं कॉमेट हे प्रवासी वाहतूक करणारं पहिलं जेट विमान. 10 जानेवारी 1954 रोजी रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. 35 माणसं गेली. तीन महिन्यांत नेपल्सजवळ दुसरं फुटलं. तेव्हा फार्नबरोच्या संशोधकांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या हौदात बसवलं आणि त्याच्या केबिनमध्ये पुन्हा पुन्हा पाणी दाबून भरलं, सोडलं, भरलं, सोडलं. प्रत्येक भरणी म्हणजे एक उड्डाण. पाणीच का? दाबलेली हवा फुटली तर स्फोट होतो आणि पुरावा उधळून जातो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे चीर जिथे पडते तिथेच थांबते आणि सापडते. आधीची खरी उड्डाणं आणि हौदातली, दोन्ही धरून सुमारे 3,000 फेऱ्यांनंतर चीर पडली, ती कापलेल्या चौकटीच्या कोपऱ्यापाशी. धातू एका झटक्यात हरला नव्हता, तो थकला होता. कोपऱ्यात ताण किती साठतो याचा अंदाज चुकला होता. पुढच्या सगळ्या जगाने कॉमेटच्या चौकशीतून धडा घेतला. एखाद्या विद्यार्थ्याने मला विचारलं की या शाखेत नेमकं काय येतं, तर मी त्याला हा हौद डोळ्यांसमोर आणायला सांगतो. इथे भाबडी साहसं नाहीत. भरपूर संयम आहे, गणित आहे आणि न दिसणाऱ्या चिरेचा शोध आहे.

बाकी विषय या पुस्तकात सविस्तर आले आहेत: हवेचा प्रवाह, इंजिन, उड्डाणाची गती, नियंत्रण. नियंत्रणाबद्दल एकच सांगतो. आपलं तेजस हे लढाऊ विमान मुद्दाम अस्थिर ठेवलेलं आहे. संगणकाने क्षणोक्षणी सावरलं नाही तर वैमानिकाला ते सांभाळता येणार नाही. अस्थिर विमान वळतं चपळ, म्हणून ही जोखीम घेतली आणि ती पेलणारी प्रणाली आपल्याच लोकांनी लिहिली. 1983 साली मंजूर झालेल्या या प्रकल्पाचं पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 रोजी झालं. पंचविशीत जो त्यात शिरला तो पहिल्या उड्डाणाच्या दिवशी चाळिशी ओलांडून गेला होता. या पेशात काळ असा मोजतात, हे आईवडिलांनीही लक्षात घ्यावं.

या विद्येशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे आणि ते आपल्याला नीट माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं ही कथा घरोघरी ठाऊक असते. त्या कथेला ठोस पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं उडूच शकणार नाहीत, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एरोनॉटिक्सच्या अभ्यासकांनी 1974 साली गणिताने दाखवून दिलं. पण गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूत 1908 साली जन्मलेले विष्णू माधव घाटगे किती जणांना ठाऊक आहेत? ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना 1904 साली मांडणारे, आधुनिक वायुगतिकीचे जनक. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. तिथल्या जी-1 ग्लायडरच्या मागे घाटगे होते. 1942 साली भारतीय विज्ञान संस्थेत एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला, त्याची उभारणीही त्यांनीच केली. पुढे त्यांनी आखलेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951च्या ऑगस्टमध्ये उडालं. आपल्या हवाई दलातल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्या विमानावर उडायला शिकल्या, आणि 12 विमानं घानाला विकली गेली. अभिमान बाळगायचा तर तो या माणसाचा. त्याची आकडेमोड कागदावर आहे आणि त्याची विमानं खरोखर उडाली.

शिकायचं कुठे, याच्या याद्या पुढे दिल्या आहेत, म्हणून इथे थोडक्यात. मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास या आयआयटींमध्ये एरोस्पेसचे जुने विभाग आहेत. कल्पना चावला चंडीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून 1982 साली एरोनॉटिकल करून बाहेर पडल्या. अब्दुल कलाम चेन्नईच्या क्रोमपेटमधल्या एमआयटीत शिकले. महाराष्ट्रातही खाजगी महाविद्यालयांनी ही शाखा सुरू केली आहे. काही ठिकाणी ती चांगली चालते, काही ठिकाणी फक्त नावाला आहे.

ज्याला चांगल्या संस्थेत एरोस्पेस मिळत नाही त्याला माझा सल्ला सरळ आहे: चांगल्या महाविद्यालयात मेकॅनिकल घे, मन लावून कर आणि एम.टेक.ला एरोस्पेसकडे वळ. गेट परीक्षेत एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर असतो, पण मेकॅनिकलच्या पेपरवरही बहुतेक विभाग अर्ज स्वीकारतात. माझी एक विद्यार्थिनी अशीच आली. आज ती बेंगळुरूला जेट इंजिनाच्या पात्यांच्या शीतनावर काम करते. त्या पात्यांभोवतीच्या वायूचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून जास्त असतं. पात्याच्या पोटातून बारीक वाटांनी थंड हवा खेळवतात, वरून सिरॅमिकचा थर देतात, म्हणून ते टिकतं.

आणि जेट इंजिन हेच आपलं सर्वात दुखरं ठिकाण आहे. 1989 साली मंजूर झालेलं कावेरी इंजिन तेजससाठी होतं. हवा तेवढा जोर ते देऊ शकलं नाही आणि 2008 साली ते तेजसपासून वेगळं करण्यात आलं. आज तेजस अमेरिकी इंजिनावर उडतं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवणाऱ्या देशाला लढाऊ विमानाचं इंजिन अजून स्वतःचं बनवता आलेलं नाही. हे वाचून ज्या मुलीच्या किंवा मुलाच्या छातीत काहीतरी टोचेल, त्याने ही शाखा जरूर घ्यावी. प्रोपल्शन, उच्च तापमानाचे धातू, ज्वलन या विषयांत पुढची तीस वर्षं पुरेल एवढं काम पडलेलं आहे.

नोकऱ्यांचं खरं चित्र असं. सरकारी बाजूला एचएएल, एडीए, डीआरडीओच्या प्रयोगशाळा, एनएएल, इस्रो. आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना आहे, तिथे आधी मिग आणि नंतर सुखोई-30 बनली. खाजगी बाजूला विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोची विकास इंजिनं घडतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची कवचं बनतात. बोईंग, एअरबस, जीई यांची डिझाइन केंद्रं बेंगळुरूत आहेत. तिथे भारतात बसून परदेशी विमानांच्या भागांचं विश्लेषण चालतं. 2020 साली अवकाश क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं आणि त्यानंतर हैदराबादच्या स्कायरूटने 18 नोव्हेंबर 2022 रोजी विक्रम-एस उडवलं, आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेल्या अग्निकुलने 30 मे 2024 रोजी थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनावर आपलं रॉकेट सोडलं. ड्रोनमध्ये नवी मुंबईची आयडियाफोर्ज आहे, मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी काढलेली.

पण विमान कंपन्यांच्या बातम्या वाचून हुरळून जाऊ नये. 2023 साली इंडिगोने एका दमात 500 एअरबस मागवल्या, एअर इंडियाने 470 विमानं. ती आली की वैमानिक, केबिन कर्मचारी, एएमई लागतील. विमानं घडवणाऱ्यांना त्याने थेट काम मिळत नाही, कारण ती घडतात दुसरीकडे. सुरुवातीचा पगारही सॉफ्टवेअरमधल्या मित्रापेक्षा बऱ्याचदा कमी असतो. एरोस्पेसची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेले माझे विद्यार्थी कमी नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. संसार सगळ्यांना असतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने. अमेरिकेत शिकायला जाणं सोपं, तिथे या क्षेत्रात काम मिळणं अवघड. शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरचे अमेरिकी नियम, ज्यांना आयटार म्हणतात, त्यांत रॉकेट आणि लष्करी विमानं येतात. त्यामुळे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्याला अशा अनेक कंपन्या कामावर घेऊ शकत नाहीत. कल्पना चावला यांनीही आधी टेक्सासमध्ये शिक्षण घेतलं, मग कोलोरॅडोत डॉक्टरेट केली, 1991 साली अमेरिकी नागरिकत्व घेतलं आणि त्यानंतर नासाने त्यांची अंतराळवीर म्हणून निवड केली. युरोपात डेल्फ्ट, टुलूझ, म्युनिक इथल्या संस्था उत्तम आहेत आणि प्रवासी विमानांच्या क्षेत्रात हे बंधन तुलनेने सैल असतं. कर्ज काढण्यापूर्वी हे तपासा.

रसायन, धातुशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असं काहीही शिकलात तरी या क्षेत्राचा दरवाजा बंद होत नाही. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमला केमिकल इंजिनिअरिंग शिकले आणि रॉकेटच्या घन इंधनाचं काम त्यांनी थुंब्यात मार्गी लावलं. पुढे ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. पदवीवरच्या नावापेक्षा एका विषयातली खोली इथे जास्त मोजली जाते, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा उपग्रह बनवला. वजन सुमारे एक किलो. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 बरोबर तो श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला मुंबई आयआयटीचा 'प्रथम' गेला, सुमारे दहा किलोचा. दोन्हींमागे वेगवेगळ्या शाखांची मुलं होती आणि एकाने सुरू केलेलं काम पुढच्या तुकडीने, मग त्याच्या पुढच्या तुकडीने हातात घेतलं. ज्यांनी पहिली रेघ ओढली त्यांच्यापैकी अनेक जण उड्डाणाच्या दिवशी पदवी घेऊन कधीच बाहेर पडले होते. 'स्वयम्' कक्षेत सरळ राहावा म्हणून त्यात चुंबक बसवले होते. होकायंत्राच्या काट्यासारखे ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतात आणि त्यासाठी वीज लागत नाही. एक किलोच्या मर्यादेत सुचलेला हा उपाय मला आजही फार आवडतो.

पुस्तकात पुढे प्रत्येक विषयाची ओळख, प्रवेशाच्या वाटा, खर्च आणि मुलाखतींची तयारी आहे. हे सगळं कोणत्याही क्रमाने वाचा. फक्त एक काम पुस्तक मिटल्यावर करा. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा विचार आहे तिथे फॉर्म भरण्यापूर्वी स्वतः जा, आईवडिलांनाही न्या. प्लेसमेंटचा तक्ता दाखवतील, तो नंतर बघा. आधी विंड टनेल दाखवा म्हणा. एका महाविद्यालयात मी तो ताडपत्रीखाली झाकलेला पाहिला आहे, मोटर जळून दोन वर्षं झाली होती आणि मुलं जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवत होती. तिथल्या प्रयोगशाळेतल्या सहायकाला विचारा, हा शेवटचा कधी चालवला होता? शक्य असेल तर चालवून दाखवायची विनंती करा, आणि तिथे उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला किंवा मुलाला विचारा की पंखाचा कोन वाढवत नेला तर काय होतं. उत्तर देताना तिचे हात आपोआप पंखासारखे वाकले, तर तिथे प्रवेश घ्या.